केसभर उतरलेला सूर

समाजमंदिराला आता टाइल्स लावल्यात. पांढऱ्या, गुळगुळीत, दवाखान्यात असतात तशा. पण पायऱ्या चढून आत पाऊल टाकलं आणि पहिला जो वास आला तो जुनाच होता. विझलेल्या मेणबत्तीचा, दमट भिंतीचा, आणि मागच्या खिडकीतून येणारा खाडीचा. कळव्याच्या त्या अंगाला लहानपण गेलेल्या माणसाला हा वास आवडतो असं काही म्हणता येणार नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की तो येतो. नाकाला पदर लावावा असाच आहे. तरी मी दारात उभी राहून तो दोनदा भरून घेतला.

मला मानपाड्याला राहायला जाऊन तीसएक वर्षं झाली. मधल्या काळात आमच्या गाण्याच्या मंडळाच्या तालमी कधी कुणाच्या दिवाणखान्यात, कधी शाळेच्या वर्गात होत राहिल्या, त्यामुळे समाजमंदिरात येणं सुटलंच होतं. यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सवासाठी एक नवीन रचना मुद्दाम बांधून घ्यायची ठरली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, तालमी जिथे मंडळ सुरू झालं तिथेच करू या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मंडळ सुरू केलं साळवे सरांनी. सर लष्कराच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले आणि आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचे. रोज संध्याकाळी समाजमंदिरात बुद्धवंदना व्हायची. ती झाली की मोठी माणसं घरी जात आणि सर आम्हा पोरांना थांबवून घेत. उदबत्तीची राख अजून गरम असायची, सतरंजीवर मेणाचे थेंब वाळलेले असायचे आणि सर हार्मोनियमचा भाता उघडायचे. बँडात शिकलेली एक गोष्ट त्यांना फार प्रिय होती. अर्ध्या मुलांनी एक सूर धरायचा, अर्ध्यांनी दुसरा, आणि दोन्ही एकदम. आमच्या आयांना ते ऐकून पोरं चुकतायत असंच वाटायचं.

"सर, एकजण वर जातोय, एकजण खाली. एकत्र गायला शिकवा ना त्यांना," माझी आई एकदा म्हणाली.

"एकत्रच गातायत, बाई. थोडं थांबून ऐका," सर म्हणाले. आई थांबली नाही, तिला भाकऱ्या टाकायच्या होत्या.

हिरा आमच्या चाळीतली नव्हती. ती पलीकडच्या कोळीवाड्यातली. तिची आई पाटी घेऊन चाळीत मासळी विकायला यायची आणि हिरा समाजमंदिराच्या पायरीवर तिची वाट बघत बसायची. एक दिवस आम्ही आत गात होतो आणि ती बाहेर बसून आमचाच खालचा सूर गुणगुणत होती. सरांनी हार्मोनियम थांबवून तिला आत बोलावलं आणि माझ्याशेजारी उभं केलं. तिच्या फ्रॉकला सुकटीचा वास होता. दोन मुली नाक दाबून सरकल्या. मी सरकले नाही. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. तिच्या आवाजाच्या जवळ उभं राहिलं की माझा आवाज आपोआप जागेवर बसायचा, एवढंच. तेव्हापासून ती खालचा षड्ज धरायची आणि मी वरचा गंधार.

एका संध्याकाळची गोष्ट, थंडीचे दिवस होते, खिडक्या लावलेल्या होत्या. सरांनी बाकीच्यांना गप्प केलं, पेटीही बंद केली आणि फक्त आम्हा दोघींना सूर लांबवायला सांगितला. आधी आमचेच दोन आवाज होते. मग ते अगदी नेमके बसले आणि खाली कुठेतरी तिसरा सुरू झाला. जाडसर, खोल, तोंड मिटून एखादी म्हातारी बाई गुणगुणते तसा. आमच्या कुणाच्याच गळ्यात तेवढा खोल आवाज नव्हता. सगळी पोरं एकदम फरशीकडे बघायला लागली.

"सर, कोण गातंय?" सगळ्यात लहान होती तिने विचारलं.

सर नुसते हसले आणि पुन्हा पेटीकडे वळले. त्यांनी तेव्हा समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, मला माहीत नाही. पोरांनी आपल्या परीने समजून घेतलं. तिचं नाव 'खालची' पडलं. तालीम सुरू होण्याआधी टाचेने फरशीवर तीनदा वाजवायचं, नाहीतर ती रागावते. तिचा सूर चालू असताना मागे वळून बघायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस तालीम नव्हती, तेव्हा कुणीतरी कागदात शेंगदाणे बांधून तिच्यासाठी कोपऱ्यात ठेवले. सुट्टीनंतर कागद तसाच बांधलेला होता आणि आत शेंगदाणे नव्हते. उंदीर असतील. उंदरांनी कागद तसाच कसा ठेवला, यावर आम्ही महिनाभर बोलत होतो.

तिला आणता यायचं ते फक्त हिराला आणि मला. आम्ही ते कुठेही करून बघायचो. चाळीच्या जिन्याखाली, पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून, पुलाच्या कमानीखाली. "आनू का तिला?" हिरा विचारायची, आणि माझ्या हातावर काटा आलेला बघून खूश व्हायची. परीक्षा, पाहुणे, घरातली भांडणं, त्या वयातलं सगळं मला आता पुसट आठवतं. पण टाकीच्या पत्र्याचा गारवा गालाला लागलेला आणि आत तिघींचा आवाज, हे काल घडल्यासारखं आहे.

आम्ही पंधरा वर्षांच्या असतानाची एक संध्याकाळ. हिराचे वडील दुपारी होडी घेऊन खाडीत गेले होते आणि आम्ही दोघी काठावरच्या दगडावर पाय सोडून बसलो होतो. ओहोटी होती. चिखलात निवट्या, चिखलावरच जगणारे ते बारके मासे, उड्या मारत होत्या, तिवरांवर बगळे बसले होते. आम्ही सूर धरला. ती आली. उघड्यावर ती इतकी स्पष्ट कधीच आली नव्हती. माझा श्वास संपला म्हणून मी थांबले आणि हिराकडे बघितलं. हिराचंही तोंड मिटलेलं होतं.

आवाज मात्र चालूच होता.

पाण्यावरून येत होता. दोन श्वास, तीन श्वास, मी मोजले नाहीत. चिखलातल्या निवट्या सगळ्या बिळात गेल्या होत्या. मग तो थांबला आणि आम्ही दोघी चपला हातात घेऊन पळालो.

हिराचे वडील परत आले नाहीत. होडी दुसऱ्या दिवशी पुलापलीकडे तिवरांत सापडली. जाळं घडी घालून ठेवलेलं होतं आणि डब्यातली भाकरी तशीच होती. काय झालं असेल याबद्दल लोक पुष्कळ बोलले. मी तेव्हाही त्यात शिरले नाही, आताही शिरत नाही.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर हिरा आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"आपन आनली तिला," ती म्हणाली. "ती माझ्या बापसाला घेऊन गेली. तू कोनाला बोलू नको."

मी मान हलवली. त्यानंतर ती मंडळात आली नाही. लग्नाच्या हळदीत कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका गातात, तिथेही ती गप्प असायची असं तिची आई सांगायची. मोठी झाली, लग्न झालं, त्याच वाड्यात राहिली. बाजारात दिसली तर आम्ही भाव विचारण्यापुरतं बोलायचो.

मी गातच राहिले. सरांना नाही म्हणणं मला जमलं नाही आणि गाण्याशिवाय मला दुसरं काही येतही नव्हतं. सरांनी हिराच्या जागी त्यांच्या भाचीला उभं केलं. पहिल्याच तालमीत सूर बसायला लागले आणि मला फरशीतून बारीक थरथर जाणवली. मी घाबरून गंधार सोडला. पुरा सोडला नाही, केसभर उतरू दिला. थरथर गेली. पुढच्या वेळी पुन्हा तसंच केलं. मग त्याची कला झाली. कुणाला बेसूर वाटू नये आणि तरी ती येऊ नये, एवढाच सूर उतरवायचा. कार्यक्रमानंतर लोक भेटून म्हणायचे, तुमच्या आवाजात काहीतरी करुण आहे. मी हात जोडायचे.

सरांच्या लक्षात आलं होतं. पेटी झाकताना एकदा ते हळूच म्हणाले, "तू मुद्दाम करतेस." मी फरशीकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि पुढे कधी काढायला ते राहिलेही नाहीत. शेहेचाळीस वर्षं मी खोटं गायले.

नवीन रचना ज्याच्याकडून करून घेतली तो ओंकार, डोंबिवलीचा, तिशीही न ओलांडलेला. भरती-ओहोटीवरचं गाणं. मधे एके ठिकाणी चाळीस आवाज एकदम थांबतात आणि दोनच बायकांचा आ-कार उरतो. वरचा गंधार माझ्याकडे होता, खालचा षड्ज प्राजक्ता नावाच्या मुलीकडे. त्याने स्वरलिपीचा कागद हातात दिला तेव्हा मी ती ओळ नुसती वाचली आणि खुर्चीवर बसले. तेच सूर, तेवढीच लांबी.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नाही, काकू. पहिल्या दिवशी इथे आलेलो ना हॉल बघायला, त्या खिडकीत उभा होतो. तिथेच सुचलं," तो म्हणाला.

तालमीत मी सवयीप्रमाणे गायले. त्याने हात वर करून थांबवलं. पुन्हा गायले, पुन्हा थांबवलं. शेवटी मला बाजूला घेऊन तो अगदी आदराने बोलला.

"काकू, तुमचा गंधार केसभर उतरतोय. बाकी कुठे असता तर मी सोडून दिलं असतं. पण दोन सूर एकदम परफेक्ट लागले ना, की आपल्या कानातच तिसरा सूर तयार होतो. फिजिक्स आहे ते. मला तोच पाहिजे. पूर्ण गाणं मी त्या एका जागेसाठी लिहिलंय."

"आणि गाणारे थांबले की?"

"थांबले की संपला."

"मागे राहत नाही?"

"कसा राहील?" तो हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "दोन आठवडे आहेत. नाहीच जमलं तर ती लाइन मी दुसऱ्या कोणाला देतो. प्लीज वाईट वाटून घेऊ नका."

मला वाईट वाटलं. एकसष्टाव्या वर्षी, पन्नास वर्षं ज्या जागी उभी राहिले ती जागा सोडायची, आणि ती सूर लागत नाही म्हणून. पण नुसतं वाईट वाटण्याचा तो प्रश्न नव्हता. खरा सूर लावायचा तर हिराला विचारल्याशिवाय लावायचा नाही, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोळीवाड्यात गेले.

घर तेच, वर एक मजला चढलेला. दारात हिराची सून भेटली. "आईंना ऐकू नाही येत आता. मशीन आणलंय, पण लावत नाहीत," ती म्हणाली. हिरा आत लादीवर बसून सुकट निवडत होती. तिने वर बघितलं आणि मी कशाला आले ते तिला कळलं असं मला वाटलं.

"मोठ्यानं बोलू नको. तोंडाकडं बघून समजतं मना," ती म्हणाली.

मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. नवीन गाणं, खिडकीत सुचलेली ओळ, ओंकार काय म्हणाला ते. मग इतकी वर्षं मी काय करत होते तेही सांगितलं. हे आजवर मी घरातही कुणाला बोलले नव्हते.

"यवडी वरसं खोटा गायलीस?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी पण. भीतीने जास्त."

तिने हातातली सुकट ताटात टाकली. मग हात पदराला पुसले, पुढे सरकली आणि तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. दुसरा हात तिने स्वतःच्या छातीवर ठेवला. "गा," म्हणाली.

दुपारचे अडीच वाजले असतील. बाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं. मी गंधार लावला, खरा. घशाला तो परका झाला होता. तिचा आवाज आधी गंजलेल्या कडीसारखा निघाला, माझ्या गळ्यावरची बोटं घट्ट झाली, आणि काहीच ऐकू न येणाऱ्या त्या बाईचा षड्ज हळूहळू सरकत जाऊन जागेवर बसला. आणि खालून तो तिसरा आवाज आला. वय झालेला नव्हता. तसाच होता. ताटातली सुकट एका बाजूला सरकली. हिराचे डोळे जमिनीवर खिळले होते.

आम्ही थांबलो. कपडे आपटण्याचा आवाजही थांबला होता.

"आई, आत अजून कोण आलंय?" सून दारात येऊन उभी राहिली.

"कोन नाय," हिरा म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कानाला नाय आयली. पायाला लागली."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार. ती भिंतीला धरून उठली आणि सुनेला म्हणाली, "महेशला फोन लाव. व्हिडिओ लाव. मना तोंड बघू दे."

महेश तिचा मुलगा, एसटीवर ड्रायव्हर. फोन वाजत राहिला, त्याने उचलला नाही. "गाडीवर असतील, आई," सून म्हणाली. हिराने ते बघितलंच नाही. "चंदीला लाव." चंदी तिची मुलगी, कल्याणला. तिचा चेहरा स्क्रीनवर आला, केसांना मेंदी लावलेली. हिराने नुसतं बघून घेतलं आणि एक बोट मिटलं. मग भाऊ, नातवंडं, नणंद. तिचं बघून मीही पिशवीतून फोन काढला. आमच्या यांना लावला. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काही नाही. जेवलात का?" मुलगा म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." मी म्हटलं, नंतर नको, एकदा चेहरा दाखव. त्याने वैतागून दाखवला. दोन म्हाताऱ्या बायका भर दुपारी आपापली माणसं एकेक करून मोजत बसलो होतो. सून चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली.

महेश लागत नव्हता. साडेतीन, चार, साडेचार. हिरा उंबऱ्याशी जाऊन बसली. मी निवडलेली सुकट पुन्हा निवडत राहिले. मनात येत होतं की हे मी केलं, पुन्हा मीच केलं, एका गाण्याच्या ओळीसाठी.

साडेपाचच्या सुमारास फोन वाजला. महेश खोपटच्या डेपोत उभा होता, मागे लाल गाड्या, तोंडात पाव.

"आये, गाडी चालवत व्हतो. काय झालं? अठरा मिस्ड कॉल?"

हिराने फोन दोन्ही हातांनी चेहऱ्याजवळ धरला आणि बघत राहिली. तो तिकडून "आये, आये" करत होता, ते तिला ऐकू जात नव्हतं. "हलू येस घरी," एवढं म्हणून तिने फोन सुनेला दिला आणि शेवटचं बोट मिटलं.

"सगली हायत," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"कोन गेला नाय." ती मिटलेल्या मुठीकडे बघत होती. "म्हंजे तवा पन... तवा पन आपन नव्हता नेला त्याला."

ती रडायला लागली, आवाज न करता, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीसारखं नाकाने ओढत. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. तिच्या अंगाला अजून सुकटीचा वास होता. दिवेलागण होईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.

कार्यक्रम ठाण्यात, मोठ्या नाट्यगृहात झाला. हिरा पहिल्या रांगेत होती, हिरव्या काठाचं नऊवारी लुगडं नेसून. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर तिने आपली कापडी पिशवी ठेवली होती. नवीन रचना सगळ्यात शेवटी. चाळीस आवाज वर चढत गेले, ओंकारची मूठ मिटली, ते थांबले. प्राजक्ताने षड्ज धरला. मी गंधार लावला, जिथे असतो तिथे.

ती आली. मागच्या रांगेतल्या काही लोकांनी स्पीकरकडे बघितलं, काहींनी पायाखाली. ओंकारच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीतीसारखं काहीतरी बघितलं. त्याने हात खाली आणला, आम्ही दोघींनी तोंडं मिटली. ठरल्याप्रमाणे तिथे पूर्ण शांतता असायला हवी होती. ती होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही, कारण माझं लक्ष हिराकडे होतं. तिने मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि उशिरा आलेल्या माणसाला जागा करून देतात तशी जरा सरकून बसली.